एक्वाडोरचं मतदान, गूळ आणि तेलाच्या विहिरी

इथे एक्वाडोरमध्ये मतदान सक्तीचं आहे, नाही केलं तर दंड, आणि त्या वीकेंडला कडक ड्राय डे. मत दिल्याचा एक कागद मिळतो, तो पुढे सरकारी कामाला लागतो म्हणून केंद्राबाहेर पोरं मशीन घेऊन बसलेली असतात, जागेवर लॅमिनेट करून देतात. २० ऑगस्ट २०२३ ला आमच्या घरमालकीणबाई असाच गरमागरम कागद हलवत आल्या आणि म्हणाल्या, दोन्हीकडे ‘सी’ मारून आले! सी म्हणजे हो.

राष्ट्राध्यक्षपदासोबत दोन विषयांवर कौल होता. अख्ख्या देशाला विचारलं होतं की अ‍ॅमेझॉनमधल्या यासुनी नॅशनल पार्कच्या ब्लॉक ४३ या तेलक्षेत्रातलं तेल कायमचं जमिनीखाली राहू द्यायचं का. आणि राजधानी क्विटोवाल्यांना वेगळं, की शहराच्या वायव्येला चोको अंदिनो म्हणून जे ढगांचं जंगल आहे तिथे धातूंच्या खाणकामाला बंदी घालायची का.

हा दुसरा विषय बातम्यांत कमी आला पण मला तोच जास्त आवडतो. त्या भागात पाक्तो नावाचं गाव आहे, लोक ऊस लावतात आणि चक्क गूळ करतात, इथे त्याला पानेला म्हणतात (चहात टाकते मी, मस्त लागतो). सोनं-तांब्याच्या खाणी आल्या तर पाणी जाणार, पाणी गेलं की ऊस गेला, एवढा सरळ हिशोब, त्यासाठी ही माणसं वर्षानुवर्षं भांडत होती. ६८ टक्के लोकांनी हो म्हटलं. आधी दिलेले परवाने मात्र त्याने रद्द झाले नाहीत, ती मेख आहेच.

यासुनीची गोष्ट लांबलचक. २००७ मध्ये राष्ट्राध्यक्ष कोरेआ जगाला म्हणाले, आम्ही तेल काढत नाही, तुम्ही ३.६ अब्ज डॉलर द्या. आले चिल्लर. २०१३ मध्ये त्यांनीच योजना गुंडाळली, मग यासुनिदोस नावाच्या तरुणांनी साडेसात लाखांवर सह्या जमवल्या तर निवडणूक मंडळाने निम्म्याहून जास्त बाद केल्या, आणि शेवटी कोर्टातून परवानगी यायला २०२३ उजाडलं. साधारण ५९ टक्के हो!

पण तेल जिथून निघतं त्या ओरेयाना प्रांतात ‘नाही’ जिंकलं. तिथला एक टॅक्सीवाला मला म्हणाला, ताई, क्विटोत बसून हो म्हणायला काय जातं, माझा भाऊ विहिरीवर कामाला आहे. मला उत्तर सुचलं नाही. पण त्याच अ‍ॅमेझॉनमधले वाओरानी आदिवासी शेजारच्या पास्तासा प्रांतात २०१९ मध्ये, त्यांचं जंगल तेलासाठी लिलावात काढण्यावरून, सरकारविरुद्ध कोर्टात जिंकलेत. त्यांचं म्हणणं, अधिकारी विमानाने आले, थोडा वेळ बोलले, सह्या घेतल्या आणि त्यालाच लोकांची संमती म्हटलं. आपल्याकडच्या ग्रामसभा ज्यांनी पाहिल्यात त्यांना वेगळं सांगायला नको. सुनावणीत त्या बायका इतक्या मोठ्याने गायल्या की कामकाज थांबवावं लागलं, आणि शेवटी साधारण पाच लाख एकर जंगल लिलावातून वाचलं.

ब्लॉक ४३ मात्र एका वर्षात बंद करायचा होता. ऑगस्ट २०२४ मध्ये सरकारने एक विहीर बंद केली, एकूण आहेत २४७, बाकीच्यांना २०२९ उजाडेल म्हणे. तोवर तेल चालूच, आणि मतदान करायला उशीर झाला तर दंड लगेच.