जुन्या बुलेटचा पुढचा ब्रेक धरता करताना: माझा अनुभव

१९८६ ची बुलेट ३५० नटबोल्टपर्यंत उघडून पुन्हा उभी केली, त्यात सगळ्यात जास्त दिवस गेले ते पुढच्या चाकात. इंजिनाची माहिती कुठेही मिळते, बिडाच्या इंजिनावर हात बसलेले मेस्त्रीही साताऱ्यासारख्या गावात अजून आहेत. ब्रेकचं मात्र सगळीकडे एकच ऐकू येतं, "जुन्या बुलेटला ब्रेक नसतोच." हे मला मान्य नाही. चाकाच्या मधल्या भागातल्या, म्हणजे हबमधल्या, त्या ७ इंची ड्रममध्ये (ज्याला आतून ब्रेक पकडतो तो गोल डबा) बरीच ताकद आहे. ती वाया जाते कारण कामं चुकीच्या क्रमाने होतात.

इंजिनाचं आधी थोडक्यात. बोअर ७० मिमी, स्ट्रोक ९० मिमी, ३४६ सीसी. सिलिंडर वर, मध्ये आणि खाली, दोन्ही दिशांनी मोजून रिबोर केला, म्हणजे आतून कापून मोठा केला, आणि नवा पिस्टन हातात आल्यावरच त्याच्या मापाने होनिंग, म्हणजे शेवटची बारीक घासणी, करून घेतलं. टॅपेट (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या पुशरॉडची फट) थंड इंजिनावर लावायचे. पुशरॉड बोटांनी सहज फिरला पाहिजे, पण वरखाली जराही हलता कामा नये. ठिणगी पाडणाऱ्या पॉइंटची फट ०.३५ ते ०.४० मिमी, आणि पिस्टन वर पोचण्याआधी ०.८ मिमीवर पॉइंट उघडले पाहिजेत. एवढं नीट असेल तर गाडी दुसऱ्या-तिसऱ्या किकला सुरू होते.

आता ब्रेक. या गाडीला कंपनीचा पुढचा ब्रेक सिंगल लीडिंग शू आहे, म्हणजे ड्रमला आतून दाबणारे दोन अर्धगोल शू, त्यांना एका टोकाला फाकवणारा एक कॅम आणि दुसऱ्या टोकाला एक पिव्हट, म्हणजे बिजागरी. ज्या शूवर ड्रम कॅमकडून पिव्हटकडे सरकतो तो लीडिंग. घर्षण त्याला ड्रममध्ये आणखी ओढून घेतं, म्हणून आपण लावलेल्या जोरापेक्षा तो जास्त धरतो. समोरच्या ट्रेलिंग शूला तेच घर्षण ड्रमपासून ढकलतं. ट्विन लीडिंगमध्ये दोन कॅम असतात आणि दोन्ही शू लीडिंग होतात. कंपनीने पुढे स्वतःच्याच ५०० सीसी बुलेटला ७ इंची ट्विन लीडिंग ब्रेक दिला. माझी निवड तीच होती.

डिस्कचा विचार केला होता. नंतरच्या मॉडेलची २८० मिमीची डिस्क लावायची तर एकटी डिस्क येत नाही. कॅलिपरला (डिस्क पकडणाऱ्या चिमट्याला) जागा असलेला फोर्कचा पाय (फोर्क म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या दोन नळ्या), वेगळं हब, मास्टर सिलिंडर, हँडलवरचा लिव्हर, मीटरची केबल असं सगळं मागोमाग येतं. शिवाय मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे. नोंदणीतला तपशील उत्पादकाने मुळात दिलेल्यापेक्षा वेगळा होईल असा बदल करता येत नाही. ज्यांची गाडी ५० वर्षांपुढची आहे आणि ज्यांना व्हिंटेज म्हणून 'व्हीए' मालिकेचा नंबर घ्यायचा आहे, त्यांनी तर जास्तच जपावं, कारण २०२१ च्या त्या नियमांत चासी, बॉडी आणि इंजिन यांत मोठा फेरफार चालत नाही. माझी गाडी २०३६ मध्ये ५० वर्षांची होईल. तोवर तिचं मूळ रूप मला टिकवायचं आहे.

चाक उघडण्याआधी एक माप घेतलंच पाहिजे. ड्रमच्या कडेवर सरळ पट्टी आडवी धरायची आणि पट्टीपासून रिमच्या कडेपर्यंतचं अंतर लिहून ठेवायचं. बुलेटचं पुढचं हब दोन्ही बाजूंना सारखं नाही, त्यामुळे रिम हबच्या बरोबर मधोमध बसत नाही. हे माप न घेता स्पोक कापले तर नवं चाक फोर्कमध्ये एका बाजूला जातं आणि गाडी हात सोडल्यावर ओढते. रिम १९ इंची, रुंदीला डब्ल्यूएम-२ मापाची, स्पोक ४०, टायर ३.२५-१९. आतल्या आणि बाहेरच्या स्पोकचं वळण वेगळं असतं, म्हणून जुन्यांतले प्रत्येकी दोन नमुन्याला ठेवले आणि नवा सेट त्यांच्या शेजारी ठेवून पाहिला.

जुने शू काढताना धूळ हवेने फुंकू नका. त्या काळच्या लायनरमध्ये (शूवर चिकटवलेल्या घर्षणाच्या पट्ट्यात) अॅस्बेस्टॉस असतं. पाण्याचा फवारा मारून ओल्या फडक्याने पुसायचं, तोंडाला मास्क लावायचा आणि फडकं पिशवीत बांधून टाकायचं. कंप्रेसरची नळी हातात असली की मोह होतो, पण ही धूळ फुप्फुसात कायमची राहते.

आता क्रमाची गोष्ट, जिच्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं. माझ्या हबचा ड्रम आधी लेथवर टर्न झाला, म्हणजे फिरवत कापून गोल झाला, आणि स्पोक नंतर भरले गेले. चाकाचा आऊट काढला, म्हणजे स्पोक कमीजास्त ताणून वाकडेपणा घालवला, रिम वरखाली आणि डावीउजवी अर्ध्या मिलिमीटरच्या आत आली. तरी ब्रेक दाबला की लिव्हर बोटांखाली धडधडत होता, चाकाच्या प्रत्येक फेऱ्याबरोबर. ड्रमच्या आत डायल गेज (बारीक फरक काट्याने दाखवणारं मापक) लावला तर काटा ०.३ मिमी फिरत होता. याचं कारण सरळ आहे. ४० स्पोक ताणले की हबच्या कडा ओढल्या जातात आणि ड्रम लंबगोल होतो. गोल करून घेतलेला ड्रम स्पोकांनी पुन्हा वाकडा केला होता. म्हणून स्पोक भरणं, आऊट काढणं आणि पूर्ण ताण देणं आधी, ड्रम टर्निंग त्यानंतर, तेही अख्खं चाक लेथवर चढवून. १९ इंची रिम फिरेल एवढा मोठा लेथ प्रत्येकाकडे नसतो. मला तो एमआयडीसीत मिळाला. चाक बेअरिंगच्या जागांवर केंद्र धरून चढवायचं, हबच्या बाहेरच्या ओबडधोबड कडेवर नाही. बारीक काप घेत व्यासात ०.६ मिमी गेलं आणि ड्रम १७८.४ मिमीवर आला. काटा ०.०५ मिमीच्या आत आला. ७ इंच म्हणजे १७७.८ मिमी. व्यासात १ मिमीच्या वर जायची माझी तयारी नव्हती, कारण पातळ ड्रम लवकर तापतो आणि दाबाखाली फाकतो.

ड्रम मोठा झाला की तयार शू त्याला पुरत नाही. बाजारातला शू १७७.८ च्या गोलाईचा असतो, तो १७८.४ च्या ड्रममध्ये मध्यावरच टेकतो. पुण्याच्या नाना पेठेतून आणलेले शू घेऊन मी त्यांच्यावर जाड लायनर चिकटवून घेतलं आणि मग ते ड्रमच्या मापाने टर्न केले. पद्धत अशी: ब्रेक प्लेट (शू आणि कॅम ज्यावर बसतात ती तबकडी), दोन्ही शू आणि स्प्रिंग पूर्ण बसवायचे. कॅम आणि शूच्या टोकामध्ये अर्ध्या मिलिमीटरची पत्री घालायची, म्हणजे शू थोडे उघडलेले राहतात. मग प्लेट डमी एक्सलवर चढवून लायनर ड्रमच्या व्यासापेक्षा ०.३ मिमी कमी होईपर्यंत कापायचं, इथे १७८.१. काप कोरडा घ्यायचा, थेंबभरही कूलंट नको. शेवटी पत्री काढून टाकायची. गाडीत ब्रेक दाबल्यावर शू त्याच उघडलेल्या स्थितीत जातो आणि अख्खं लायनर टेकतं. प्रत्येक लायनरची कॅमकडची कड कानशीने तिरपी घासली, साधारण ५ मिमी. ती कड धारदार राहिली तर ट्विन लीडिंग ब्रेक एकदम पकडतो आणि चिरकतो.

खात्री करायला लायनरवर खडू फासला, चाक बसवलं, हाताने फिरवत ब्रेक हलका दाबला आणि उघडून पाहिलं. पहिल्या वेळी एका शूचा खडू फक्त कॅमच्या टोकाला पुसला होता. तिथे ८० नंबरच्या पॉलिश पेपरचे मोजून चार हात मारले, पुन्हा खडू, पुन्हा चाक. पाचव्या वेळी दोन्ही शूंवर सुमारे तीन चतुर्थांश भाग पुसला गेला. उरलेलं रस्त्यावर बसतं.

ट्विन लीडिंग प्लेट माझ्या हबवर बसली, पण आधी दोन गोष्टी तपासल्या. एक, प्लेटची कड ड्रमला कुठे घासते का. दुसरी, फोर्कच्या पायावरचा जो दांडा प्लेटला फिरू देत नाही, तो प्लेटच्या खाचेत किती सैल आहे. तिथे खेळ असेल तर ब्रेक लावताना 'टक' असा आवाज येतो आणि प्रत्येक वेळी तो दांडा हातोडीसारखा मार खातो. आता ब्रेकचा जोर वाढणार, म्हणजे तो मारही वाढणार. माझी खाच झिजलेली होती. वेल्डिंगने भरून कानशीने मापात आणली.

दोन कॅम जोडणारा लिंक रॉड हा या ब्रेकचा जीव आहे. चाक जागेवर असताना रॉड एका टोकाला सोडायचा. पहिला कॅम हाताने फिरवून शू ड्रमला जेमतेम टेकवायचा आणि तसाच धरायचा. दुसरा कॅमही तसाच टेकवायचा. आता रॉडची लांबी अशी लावायची की पिन बोटाच्या दाबाने भोकात जाईल. पिन ठोकावी लागली तर लांबी चुकली आहे. एक शू आधी टेकला तर दुसरा नुसता शोभेला राहतो, लिव्हर लाकडासारखा टणक लागतो आणि गाडी मात्र थांबत नाही. ट्विन लीडिंग लावूनही फरक पडला नाही असं ज्यांना वाटतं, त्यांनी सगळ्यात आधी हा रॉड पाहावा.

ब्रेक पूर्ण दाबलेला असताना केबल आणि कॅमचा लिव्हर यांच्यात काटकोनाच्या जवळचा कोन हवा. काटकोन ओलांडून लिव्हर पुढे गेला की बोटांचा जोर फुकट जातो. केबलच्या बाबतीत काटकसर नको. स्वस्त केबलचं बाहेरचं कव्हर दाबाखाली आखडतं आणि लिव्हर स्पंजासारखा लागतो. लोक मग लायनरला दोष देतात. जाड तारेची नवी केबल आतून तेल सोडून, हँडलपाशी मोठं वळण देऊन नेली.

चाक घट्ट करायचाही क्रम आहे. एक्सलचा नट आवळताना पुढचा ब्रेक जोराने दाबून धरायचा, म्हणजे प्लेट ड्रमच्या केंद्रात बसते. मग फोर्कच्या एका पायाची खालची कॅप आवळायची, दुसरी सैल ठेवून फोर्क पाच-सहा वेळा खाली दाबायचा, आणि मगच दुसरी. हे टाळलं तर फोर्कचे पाय एकमेकांशी तिरपे राहतात आणि खड्ड्यात फोर्क अडकतो. त्याआधी हँडल ज्यावर फिरतं त्या बेअरिंगच्या वाट्या आणि गोळ्या बदलल्या. वाट्यांत खड्डे पडलेले असताना जोरदार पुढचा ब्रेक लावणं धोक्याचं आहे.

मागच्या ब्रेकला जोर वाढवायची गरज नाही. पुढचा धरला की मागचं चाक हलकं होतं आणि सहज लॉक होतं. पण तो स्वच्छ हवा. बुलेटच्या मागच्या ड्रमवरच ३८ दात्यांचं चेन स्प्रॉकेट आहे, दोन्ही एकाच ओतकामात. चेनचं तेल आणि हबमध्ये कोंबलेलं ग्रीस तिथून आत शिरतं. तेल प्यायलेलं लायनर पेट्रोलने धुऊन सुधारत नाही, गरम झालं की तेल पुन्हा वर येतं. ते बदलायचंच.

आणखी एक काम आठवणीने करा. जुन्या बुलेटचा मागचा ब्रेकचा लाल दिवा फक्त पायाच्या ब्रेकवर लागतो. आता आपण हाताच्या ब्रेकवर जास्त विसंबणार, म्हणजे मागच्या गाडीला काहीच कळणार नाही. केबलमध्येच बसणारा स्विच मिळतो, तो लावून घेतला.

लायनर बसवायला पहिले दीडशे किलोमीटर सावकाश चालवलं. मग मोकळ्या रस्त्यावर ५० वरून १५ पर्यंत असे दहा ब्रेक, प्रत्येकानंतर किलोमीटरभर गार होऊ देत. पहिल्याच दिवशी घाटात दामटलं तर लायनर काचेसारखं चकचकीत होतं आणि धरायचं सोडतं.

साताऱ्याजवळच्या यवतेश्वरच्या घाटात या ब्रेकचा स्वभाव कळतो. उतारावर दोन बोटं पुरतात. चढावर थांबून गाडी मागे घसरू लागली तर मात्र तोच ब्रेक जेमतेम धरतो, कारण चाक उलटं फिरलं की दोन्ही शू ट्रेलिंग होतात. चढावर उभं राहताना डाव्या पायाचा मागचा ब्रेक लावूनच ठेवायचा. दुसरं पावसाचं. रात्रभर ओली उभी राहिलेली गाडी सकाळी पहिला ब्रेक झटक्याने पकडते, बिडाच्या ड्रमवर गंजाचा पातळ थर आलेला असतो. गल्लीतच, अगदी हळू वेगात, ब्रेक तीन-चार वेळा हलका लावून तो थर पुसून काढायचा आणि मग हमरस्त्याला लागायचं.

५०० किलोमीटरला चाक पुन्हा काढलं. सात-आठ स्पोक सैल निघाले, ते ताणल्यावर डायल गेज परत लावला. काटा ०.०६ मिमी हलला. लिंक रॉड अर्धा आटा फिरवावा लागला, दोन्ही लायनर कडेपासून कडेपर्यंत एकसारखे करडे झाले होते.