कोलेट कोण खातंय?

इचलकरंजीहून यंत्रमागाचे सुटे पार्ट करणाऱ्या एका मालकांचा फोन आला. "अण्णा, साउथ बेंडचे कोलेट कुठं मिळतील? आमचे सगळे कामातनं गेलेत."

कोलेट म्हणजे लेथमध्ये माल धरणारी, पाकळ्या पाडलेली नळी. मशीन म्हणजे अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातला नऊ इंची साउथ बेंड लेथ, त्यांच्या वडिलांनी लिलावात घेतलेला. म्हटलं, फोटो नको, कोलेट आणि त्याला मागून आट्यांवर ओढून आवळणारी ड्रॉ ट्यूब घेऊनच या. फोटोवर सगळे कोलेट सारखेच दिसतात.

आले तेव्हा सोबत नव्या कोऱ्या 5सी कोलेटचा सेटही होता. नावात 'सी' बघून मागवलेला. 5सीची बॉडी सव्वा इंच, म्हणजे 31.75 मि.मी. या लेथच्या स्पिंडलचं भोकच पाऊण इंचाचं. आत जाणार कुठून? जुन्या कोलेटच्या बॉडीला मायक्रोमीटर लावला तर 16.51, म्हणजे 0.650 इंच. हा 3सी. त्याचे आटे इंचाला 26 आणि जास्तीत जास्त माल अर्धा इंच.

ओळख पटली, पण सगळ्याच कोलेटांचे आटे एकाच पद्धतीनं चोळले गेले होते. वापरून झिजलेला आटा असा दिसत नाही. मी ट्यूब हातात घेतली. मूळची हरवली होती, ही कुणा टर्नरनं नंतर करून वर हार्ड केलेली. कोलेट दोन फेरे गोडीनं जायचा, मग आवळायचा. ट्यूबच्या आत एका बाजूला तेल लावून एमसीलची पट्टी दाबली, सुकल्यावर हलकेच सोडवली आणि दहा आटे मोजले. बरोब्बर 10 मि.मी. तिथे 9.77 यायला हवे होते.

इंचाला 26 आटे म्हणजे पिच, दोन आट्यांतलं अंतर, 0.977 मि.मी. पडते. टर्नरनं आटे मोजायचा मेट्रिक गेज लावला असणार, तो एक मि.मी.वर 'बसला' असणार. चार आट्यांवर बसतोच, उजेडाला धरून बघावं लागतं. ट्यूब हार्ड, त्यामुळे मार सगळा कोलेटला. मालकांनी नवे 3सी आणले असते तरी सहा महिन्यांत तेच झालं असतं.

दुसरा घोळही होता. पिनांचा माल 6 मि.मी.चा आणि कोलेट दोन सुताचा, म्हणजे 6.35. असला कोलेट मापाबाहेर फार तर एक-दोन दशांश मि.मी. आवळतो. त्यापुढे ओढलं की पाकळ्या फक्त तोंडाशी धरतात आणि वाकतात. मुंबईत नागदेवीच्या हत्यारांच्या बाजारात गेलात तर दुकानदार ईआर-32 जातीचा कोलेट पुढे करतो. वाईट नाही, 1 मि.मी.पर्यंत आवळतो. पण त्याला माल कोलेटच्या बऱ्याचशा लांबीत लागतो, आणि यांच्या पिना आखूड. म्हणून मी 3सीवरच अडून बसलो.

ट्यूब त्याच लेथवर केली. त्याच्या गिअर बॉक्सवर 26 ची जागा आहेच, लिव्हर टाकला की झालं. जुने 3सी कोलेट त्यांच्या पुतण्यानं अमेरिकेतून सुटीला येताना बॅगेतून आणले. 8 मि.मी.साठी अडीच सुताचा (7.94) तसाच चालला. 6 साठी 15/64 चा, म्हणजे 5.95 चा, मागवून ठेवला होता. फटींत शिमच्या, म्हणजे पातळ पत्र्याच्या, पट्ट्या घालून तो स्पिंडलमध्येच आवळला, टूलपोस्टवर छोटा ग्राइंडर बांधला आणि मापाला आणला. ग्राइंडिंगची धूळ बेडवर जाऊ नये म्हणून ओलं फडकं टाकायला विसरायचं नाही, नाहीतर कोलेट वाचवून बेड घालवाल.

पिन धरून डायल गेज लावला. काटा दोन शतांश मि.मी. हलला.

मालक म्हणाले, "आणि त्या 5सीचं काय करू?"

5सीचा चौकोनी ब्लॉक मिळतो, तो मिलिंगच्या व्हाइसमध्ये धरता येतो, पिनेला चार बाजूंनी सपाट करायला बरा. ते ऐकल्यावर त्यांनी सेट परत गाडीत ठेवला.