एलएलव्हीएम २० मर्ज केलं आणि सगळे मायनस बाहेर आले

एलएलव्हीएम म्हणजे कंपायलर बनवायची तयार चौकट. आमच्या प्रोसेसरचा बॅकएंड, म्हणजे त्याच्यासाठी मशीन कोड बनवणारा भाग, तिच्या मेन रेपोत नाहीये, आम्हीच सांभाळतो, त्यामुळे तिकडे काही बदललं की निस्तरायचं आपणच. तिचं व्हर्जन २० मर्ज केलं, बिल्ड झालं, टेस्ट लावल्या आणि जिकडेतिकडे असर्ट (कोडमधली तपासणी फसली की प्रोग्रॅम तिथेच थांबतो, ते)! आता एपीइंट (एलएलव्हीएमचा हव्या तेवढ्या बिटांचा पूर्णांक) बनवताना आकडा तेवढ्या बिटांत बसतोय का ते तपासतात, आधी वरचे बिट गुपचूप कापले जायचे. गेटकॉन्स्टंटला, म्हणजे स्थिर आकडा बनवणाऱ्या फंक्शनला, -८ दिला की तो ६४ बिटांचा अवाढव्य अनसाइन्ड (मायनस नसलेला) आकडा होतो, ३२ बिटांत कुठून बसणार.

सी++ मधले उघड मायनसवाले कॉल गेटसाइन्डकॉन्स्टंट (मायनस चालणारं तसंच फंक्शन) करून टाकले, ते पटापट उरकलं.

डोकं उठवलं ते टेबलजेनने, म्हणजे टीडी फाईलमधल्या वर्णनावरून सी++ कोड बनवणाऱ्या टूलने. असर्ट आला की स्टॅक ट्रेस नेऊन सोडतो जनरेट झालेल्या फाईलमध्ये, हजारो ओळी, आणि घोळ असतो टीडी फाईलमधल्या कुठल्यातरी एसडीनोडएक्सफॉर्मच्या (आकडा बदलून देणारा छोटा तुकडा) दीड ओळीत. कुठला ते तुम्ही शोधा. बरं, सरसकट साइन्ड करून टाकावं तर तेही नाही. एका मास्कमध्ये (ठरावीक बिट निवडणारा आकडा) ~२५५ लिहिलेलं, म्हणजे २५५ चे सगळे बिट उलटे, ते साइन्ड इंट, म्हणजे -२५६, त्याला साइन्ड पाहिजे. शेजारच्याच मास्कमध्ये तेच, पण २५५ च्या मागे अनसाइन्डचा यू लावलेला, त्याचे होतात ४२९४९६७०४०, त्याला ३२ बिटांत साइन्ड केलं की उलटा असर्ट. दोघांचे खालचे ३२ बिट अगदी सारखे! म्हणजे प्रत्येक ठिकाणी मागे जाऊन टाइप बघत बसा. टीम लीड म्हणाला, इम्प्लिसिटट्रंक (वरचे बिट पूर्वीसारखे गुपचूप कापू देणारा पर्याय) ट्रू कर, गप्प होईल. होईल की, मग एवढा खटाटोप कशाला केला एलएलव्हीएमवाल्यांनी?

हां, बिल्ड असर्ट चालू ठेवूनच करा, नाहीतर यातलं काहीच दिसत नाही. आणि -१ असेल तिथे सरळ गेटऑलवन्सकॉन्स्टंट (सगळे बिट १ असलेला आकडा देतं) वापरा, साइनचा विचारच नको.

ते -१ शोधतानाच खरा बग हाती लागला. १२८ बिटांचा नॉट (सगळे बिट उलटणं) आम्ही एक्सऑर विथ -१ असा करत होतो, म्हणजे -१ मध्ये जिथे १ तिथला बिट उलटतो, पण अनसाइन्ड म्हणून बनवलेल्या त्या -१ चे वरचे ६४ बिट शून्य, म्हणजे वरचा अर्धा भाग उलटायचाच नाही. आकडा १२८ बिटांत आरामात बसतो म्हणून असर्टही नाही, थेट चुकीचा कोड. त्याला टेस्टच नव्हती, ती आता मी टाकली.