आमची वाटचाल : रोटामीटरच्या काचेपासून

आमच्या कामाची सुरुवात मीटर बनवण्यापासून नाही, धुण्यापासून झाली. रोटामीटर म्हणजे पाइपातला प्रवाह मोजणारा मीटर : वरच्या बाजूला रुंद होत जाणारी काचेची नळी आणि प्रवाहाने आत उचलला जाणारा फ्लोट. नळीत क्षार धरले की फ्लोट अडकतो, आणि ऑपरेटर तोच आकडा दिवसभर वहीत उतरवत राहतो. अशा नळ्या उघडून साफ करायच्या, पॅकिंग बदलायचं, एवढंच काम मी आणि माझा धाकटा भाऊ करायचो.

मग लेथ घेतलं आणि ओरिफिस प्लेट करू लागलो. दिसायला भोक पाडलेली चकती; ती पाइपात बसवतात आणि तिच्या दोन बाजूंच्या दाबातल्या फरकावरून प्रवाह मोजतात. पण सगळी करामत त्या भोकाच्या कडेत असते. प्रवाह जिकडून येतो तिकडची कड धारदारच हवी. ती जराशी गोल झाली तरी दाबातला फरक कमी येतो आणि मीटर कमी दाखवतो. प्लेट दिव्याखाली तिरकी धरायची; कडेवर उजेडाची रेघ चमकली तर प्लेट बाद. भाऊ आजही हे स्वतः बघतो.

मला खरं शिकवलं ते एका तक्रारीने. मीटर कमी दाखवतो म्हणून फोनवर फोन. दाबातला फरक मोजून आकडा पाठवणारा ट्रान्समीटर दोनदा काढून आणला, दोन्ही वेळा ठीक निघाला. शेवटी मी साइटवर गेलो. लाइन रंगवलेली होती, प्लेटच्या दांडीवरही रंग चढला होता. चाकूने खरवडला, तर ‘अपस्ट्रीम’ (प्रवाह येतो ती बाजू) ही अक्षरं पंपाकडे नाहीत, पलीकडे! प्लेट उलटी बसली होती. तिरकी कापलेली बाजू प्रवाहासमोर. अक्षरं आम्हीच उथळ कोरली होती, त्यामुळे फिटरला दोष देता येईना. त्या दिवसापासून आम्ही खोल कोरतो आणि पहिल्यांदा लाइन सुरू होताना आमचा माणूस हजर असतो.

पुढे मॅग्नेटिक फ्लोमीटर आले. वाहत्या पाण्यात चुंबकक्षेत्रामुळे वीज तयार होते. शास्त्रज्ञ मायकेल फॅरेडेने 1832 मध्ये लंडनला टेम्स नदीवर वॉटर्लू पुलावरून ती मोजायचा प्रयत्न केला, पण साधलं नाही. आज तेच तत्त्व पाइपात उत्तम चालतं, मात्र द्रवातून वीज वाहायला हवी आणि पाइप भरलेला हवा. डीएम वॉटर (क्षार काढून टाकलेलं पाणी) किंवा तेल यांतून वीज नीट वाहत नाही, म्हणून त्यांच्यासाठी कुणी हा मीटर मागितला तर आम्ही नाही म्हणतो. सुरुवातीला अशी ऑर्डर सोडताना फार जड जायचं.

आता कोटेशन देण्याआधी लाइनचं स्केच मागतो. मीटरच्या आधी आणि नंतर सरळ पाइप किती, एल्बो म्हणजे पाइपचं वळण कुठे, व्हॉल्व्ह कुठे. ओरिफिसच्या तोंडाशी अर्धवट उघडा व्हॉल्व्ह असेल तर आमच्या टाकीवर पाण्याचं वजन करून केलेलं कॅलिब्रेशन, म्हणजे मीटरचा आकडा पडताळून बरोबर लावणं, तिथे टिकत नाही. स्केच आलं नाही, तर पुतण्या टेप घेऊन स्वतः मोजायला जातो.