पुंजी कुणाच्याही हवाली केलेली नाही

निवृत्तीची रक्कम मी पुण्याच्या एका आर्थिक सल्लागार बाईंच्या सल्ल्याने गुंतवली आहे हे कळले की, आमच्या साताऱ्यातले निवृत्त शिक्षक मला हटकून विचारतात, 'सर, आयुष्यभराची पुंजी परक्या माणसाच्या हवाली करण्याइतका विश्वास बसला तरी कसा?' तुम्हीही परवा तेच विचारलंत, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

पुंजी मी कुणाच्याही हवाली केलेली नाही. म्युच्युअल फंडाची खाती माझ्या नावावर आहेत, पैसे माझ्या बँक खात्यातून थेट फंडाकडे जातात आणि काढले तर त्याच खात्यात परत येतात. बाईंच्या हाताला त्यातला एक रुपयाही लागत नाही. कोऱ्या अर्जावर सही मागणारा किंवा ओटीपी विचारणारा माणूस कितीही ओळखीचा असला, तरी त्याच्याशी पुढचे बोलणे करू नये, असे माझे ठाम मत आहे.

हे शहाणपण फटका बसल्यावर आले. २०१७ साली निवृत्त झालो, भविष्य निर्वाह निधीचे पैसे खात्यात जमा झाले आणि दुसऱ्याच आठवड्यात बँकेतल्या ओळखीच्या अधिकाऱ्याने चहा मागवून, 'एफडीसारखंच आहे' असे सांगत माझ्याकडून दोन लाखांची विमा पॉलिसी घेववली. वर्षभराने सूचना आली तेव्हा कळले की, हा हप्ता दरवर्षी भरायचा आहे. त्या माणसाने मला मुद्दाम फसवले असे मला आजही वाटत नाही. पण या व्यवहारात कमिशन कुणाला मिळते, हे विचारायचे मला सुचले नव्हते.

बाईंनी पहिल्या भेटीत तेच आधी सांगितले. सेबी, म्हणजे शेअर बाजार आणि म्युच्युअल फंडांवर देखरेख करणारी सरकारी संस्था, तिच्या २०१३ च्या नियमांनुसार नोंदणी झालेला गुंतवणूक सल्लागार अशिलाकडून फी घेतो आणि त्याच अशिलाच्या गुंतवणुकीवर कमिशन घेऊ शकत नाही. फंड विकणाऱ्या वितरकाला मात्र फंड कंपनी कमिशन देते. दोन्ही व्यवसाय कायदेशीर आहेत, फक्त समोर बसलेला माणूस दोहोंपैकी कोण, हे आपल्याला ठाऊक हवे. त्यांचा नोंदणी क्रमांक मी घरी येऊन सेबीच्या संकेतस्थळावर तपासला. त्यात त्यांचा अपमान झाला असे त्यांना वाटले नाही. उलट, तपासलात का, असे त्यांनीच पुढच्या वेळी विचारले.

खोटे बोललो तो मी. 'कुणाला उसने दिले आहेत का?' या प्रश्नाला मी नाही म्हणालो, कारण धाकट्या भावाला दिलेले तीन लाख शेजारी बसलेल्या सौभाग्यवतींना माहीत नव्हते. तिसऱ्या भेटीत ते कबूल केले, तेव्हा बाईंनी एक शब्दही न बोलता सगळा आराखडा पुन्हा पहिल्यापासून मांडला. डॉक्टरांपासून पथ्य मोडल्याचे लपवावे, तसेच हे होते.

मग मार्च २०२० आला. २३ तारखेला सेन्सेक्स एका दिवसात सुमारे तेरा टक्के कोसळला आणि मी फोन करून सगळे विकायला सांगितले. बाईंनी दोन वर्षांपूर्वी मीच सही केलेला जोखीम क्षमतेचा अर्ज काढून माझेच उत्तर मला वाचून दाखवले : मूल्य तिसऱ्या हिश्श्याने घटले, तरी हात लावणार नाही. 'मत बदललं असेल तर विकूया, सर. पण या वर्षी घरखर्चाला हे पैसे लागणार आहेत का?' लागणार नव्हते. पेन्शन होती, दोन वर्षांचा खर्च बँकेच्या ठेवीत होता. बाजार कधी सावरेल हे मला सांगता येणार नाही, असे त्या स्पष्ट म्हणाल्या, आणि त्यांच्यावर माझा खरा विश्वास बसला तो त्या वाक्याने.

दर जूनला आमची बैठक होते आणि सौभाग्यवती आल्याशिवाय बाई फाइल उघडत नाहीत. पहिली काही वर्षे सौभाग्यवती गप्प बसून असत. यंदा मात्र खुर्चीत बसताच त्यांनी विचारले, 'तुमची फी वाढली ती का?' बाईंनी हिशेबाचा कागद पुढे सरकवला आणि उत्तर माझ्याकडे न पाहता त्यांनाच दिले.