ताडोबाचं बुकिंग: पैसे कापले, परमिट नाही

जळगाव-भुसावळकडून ताडोबाला जाणं अवघड नाही. विदर्भ किंवा सेवाग्राम एक्सप्रेस रात्री धरली की सकाळी नागपूर. तिथून चिमूरकडून कोलारा गेट किंवा चंद्रपूरवरून मोहर्ली. मुक्काम, जिप्सी, गाइड सगळं जमतं. माझं घोडं अडलं ते पैसे भरताना, आणि त्याहून जास्त आमच्या बँकेच्या काउंटरवर. म्हणून आधी तेच.

सफारीच्या ऑनलाइन बुकिंगमध्ये सहा जणांची नावं, वयं, ओळखपत्रांचे नंबर भरून झाले, यूपीआयनं पैसे गेले, कापल्याचा मेसेज आला आणि पान कोरं. परमिट नाही. अशा वेळी घाईनं पुन्हा पैसे भरू नका. आधी लॉगिन करून आपल्या बुकिंगची यादी बघा; कधी परमिट थोड्या वेळानं तिथे उमटतं. नसेल, तर जागा आपली नाही. पैसे भरेपर्यंत ती थोडा वेळच राखलेली असते, मुदत टळली की दुसऱ्याला मोकळी. तीच सफारी अजून दिसत असेल तर परताव्याची वाट न बघता दुसऱ्या खात्यातून नवं बुकिंग करून टाका. दिवाळीच्या किंवा मे महिन्याच्या सुट्टीत परतावा येईस्तोवर गेट भरलेलं असतं.

आता बँक. शाखेतलं उत्तर ठरलेलं: "भाऊ, आमच्याकडून पैसे गेले. ज्यांना दिले त्यांचं पत्र आणा." पासबुकाची झेरॉक्स दिली तर आधारची मागतात, ती दिली तर साहेब मीटिंगला. वास्तविक पत्राची काही गरज नाही. रिझर्व्ह बँकेचं सप्टेंबर २०१९ चं परिपत्रक आहे. यूपीआयनं खरेदीचे पैसे खात्यातून कापले गेले पण समोरच्याला व्यवहार झाल्याचं कळलंच नाही, तर व्यवहाराच्या दिवसानंतर ५ दिवसांच्या आत ते आपोआप परत यायला हवेत. ऑनलाइन कार्डानं भरले तरी तेच. त्यापुढे उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई, तीही ग्राहकानं न मागता. मला मागावी लागली. मागितली आणि घेतलीच.

तोंडी भांडून घसा बसतो, बाकी काही होत नाही. यूपीआय ॲपमध्ये त्याच व्यवहारावर जाऊन तक्रार टाका आणि तिचा नंबर लिहून ठेवा. शाखेत लेखी अर्ज द्या, दोन प्रतींत. त्यात १२ आकडी यूटीआर नंबर (ॲपमध्ये त्या व्यवहाराखाली दिसणारा ओळख क्रमांक), तारीख, वेळ, रक्कम आणि त्या परिपत्रकाचा उल्लेख हवा. एका प्रतीवर तारखेचा शिक्का मारून पोहोच घ्या. "ठेवून जा, बघतो" म्हणाले तर तिथेच उभं राहायचं, शिक्का पडेपर्यंत हलायचं नाही. अर्ज देऊन ३० दिवसांत दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, फी लागत नाही. हे वाक्य अर्जाच्या शेवटी लिहिलं की काउंटरचा सूर बदलतो, हे अनुभवानं सांगतो.

आणखी एक, पैशांचंच. नवीन मोबाईलवर यूपीआय चालू केलं की पहिले २४ तास ५,००० रुपयांचीच मर्यादा असते. आख्ख्या जिप्सीचे पैसे त्यात बसत नाहीत आणि व्यवहार फेल होतो. बुकिंगचं काम जुन्याच फोनवरून करा.

नावं ओळखपत्रावर आहेत तशीच भरा. व्हॉट्सॲप ग्रुपवरची 'बापू', 'नाना', 'आबा' परमिटवर चालत नाहीत. गेटवर मूळ ओळखपत्र लागतं, आणि तेच, ज्याचा नंबर भरलाय. ऐनवेळी एक जण गळाला तर त्याच्या जागी शालकाला बसवता येईल हे डोक्यातून काढा. पावतीत जिप्सी आणि गाइडचे पैसे धरलेत की वेगळे द्यायचेत, तेही तेव्हाच वाचून घ्या.

मंगळवारी ताडोबाचा कोअर, म्हणजे जंगलाचा आतला मुख्य भाग, बंद असतो. मध्य प्रदेशातल्या कान्हा-पेंचला बुधवारी दुपारची फेरी नसते. मंगळवार प्रवासात घालवून बुधवारी सकाळची सफारी धरणं मला सगळ्यात सोयीचं वाटतं. शनिवार-रविवारी दरही जास्त. ज्या सकाळी नागपूरला उतरणार त्याच दिवसाची सफारी घेऊ नका. गाडी दोन तास लेट झाली की परमिट वाया. पावसाळ्यात, १ जुलै ते ३० सप्टेंबर, कोअर बंदच.

कोअर मिळाला नाही तर नाक मुरडू नका. मोहर्लीकडे आगरझरी, देवाडा, जुनोना आणि कोलाराकडे अलीझंझा, मदनापूर ही बफरची, म्हणजे कोअरभोवतीच्या जंगलाची, गेटं आहेत. वाघाला कोअर-बफर कळत नाही.

एप्रिल-मेमध्ये पाणवठ्यांवर वाघ दिसायची शक्यता जास्त. ऊन चंद्रपूरचं असलं तरी आपल्याला जळगावची सवय आहे. फसवते ती डिसेंबर-जानेवारीची पहाट. उघड्या जिप्सीत कानटोपी आणि जाड जॅकेट हवंच. मोबाईल आत नेता येत नाही, फोटोसाठी कॅमेरा वेगळा घ्या. दशम्या-चटणी मुक्कामाच्या ठिकाणी खा, जंगलात गाडीतून उतरता येत नाही.

मुक्काम मात्र गेट पक्कं झाल्यावरच घ्या. मोहर्ली आणि कोलारा नकाशावर जवळ दिसतात, पण मध्ये जंगल आहे आणि बाहेरून फेरा मोठा. पहाटेची सफारी कोलाराची आणि खोली मोहर्लीला, असं झालं तर मध्यरात्रीच निघावं लागेल.