सहा अँपिअर

वाळवा तालुक्यातल्या एका 33/11 केव्ही सबस्टेशनवर, म्हणजे 33 हजार व्होल्टची वीज 11 हजारांवर उतरवून गावोगाव सोडणाऱ्या केंद्रावर, मी यंत्रचालक आहे. गावाच्या लेखी यंत्रचालक, वायरमन, साहेब सगळे एकच, आणि फोनवर प्रश्नही एकच: "लाईट कधी येणार?" म्हणून 2025 च्या मार्चात हायस्कूलचे सर, दहा-बारा पोरं आणि सरपंचताई गेटवर येऊन "लाईट घालवा" म्हणाल्या, तेव्हा मला आधी चेष्टाच वाटली.

22 मार्चच्या शनिवारी अर्थ अवर होता. 2007 साली सिडनीत सुरू झालेला हा प्रकार आता जगभर चालतो: हवामानबदलाकडे लक्ष वेधण्यासाठी रात्री साडेआठ ते साडेनऊ दिवे बंद. घरोघरी सांगत फिरण्यापेक्षा मी गावठाण फीडरच, म्हणजे गावातल्या घरांना वीज देणारी वाहिनीच, तासभर बंद करावा, अशी त्यांची सोपी युक्ती होती.

मी नाही म्हणालो. वरून ब्रेकर पाडला की ते लोडशेडिंग. त्यात तुम्ही काय केलं? शिवाय कुणाच्या घरी आजारी माणूस असतं, कुठं पाण्याची टाकी भरायची असते. गेटजवळ बसलेले एक आजोबा म्हणाले, "बारा-बारा तासांचं लोडशेडिंग होतं तवा आमी रोजच पाळलाय की तुमचा अवर!" पोरं हसली. सर हसले नाहीत. शेवटी घरोघरी जाऊनच सांगायचं ठरलं.

मला थोडी धास्तीही होती. 5 एप्रिल 2020 च्या रात्री कोरोनासाठी नऊ मिनिटं दिवे मालवले तेव्हा देशाची मागणी जवळपास 31 हजार मेगावॉटनं खाली आली होती. मागणी पडली की निर्मितीही तेवढीच कमी करावी लागते, आणि कोळशाचा संच असा मिनिटांत वर-खाली करता येत नाही; ती कसरत मुख्यतः जलविद्युतवर निभावली. अर्थात एका गावानं ग्रिडला, म्हणजे देशभरच्या वीजजाळ्याला, काही होत नाही, हे मलाही कळत होतं.

शनिवारी पोरं रीडिंग बघायला आली. यार्डात कुणाला सोडत नाही, कंट्रोल रूमच्या दारात उभी केली. साडेआठला गावठाण फीडरवर 31 अँपिअर होते. पाच मिनिटांत 29, मग 27, पावणेनऊला 25. ग्रामपंचायतीनं रस्त्यावरचे दिवेही घालवले होते. सहा अँपिअर उतरले! अकरा केव्हीवर एक अँपिअर म्हणजे ढोबळ मानानं साडेसतरा किलोवॉट. सहाचे शंभरावर किलोवॉट झाले, म्हणजे तासाला शंभरेक युनिट. आपल्या ग्रिडवर एका युनिटमागे सरासरी 0.7 किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, तो सत्तर किलो वाचला. पोरांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. माणसं सांगून ऐकतात, याचंच मला जास्त नवल वाटलं.

साडेनऊला दिवे लागले. पोरं निघाली नाहीत, आणि पावणेदहाला शेतीच्या थ्री फेजची पाळी होती. मी एजी फीडरचा, म्हणजे शेतीच्या वाहिनीचा, ब्रेकर चढवला. काटा दीडशेच्या पलीकडे उडाला, थरथरला आणि 94 वर येऊन थांबला.

"काका, हे काय?"

ह्या मोटारी. पाच एचपीची मोटार धरली तर अँपिअरला चार, म्हणजे साडेतीनशेच्या वर. उसाला पाणी. आठ तास असंच चालणार, तेरा हजारांच्या आसपास युनिट. आणि ती उडी? जवळजवळ प्रत्येक मोटारीला ऑटो स्विच आहे. लाईट आली की सगळ्या एकाच क्षणी सुरू होतात, आणि सुरू होताना मोटार कितीतरी पट करंट ओढते. डीपी, म्हणजे गावातले ट्रान्सफॉर्मर, जळतात त्यातले कितीतरी ह्यापायीच. मोटारीचा करंट कमी करणारा कपॅसिटर बसवलेला नसला तर चालतानाही करंट जास्त लागतो, तारा तापतात, वीज वाटेतच जाते.

सर वहीत लिहून घेत होते. दिवे घालवण्याला मी नावं ठेवणार नाही, पण आमच्याकडं विजेचा मोठा हिशोब घरात नाही, विहिरीवर आणि नदीकाठी आहे. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत सबस्टेशनजवळ सौर प्रकल्प उभारून एजी फीडरला दिवसा वीज द्यायची आहे. ते आमच्या फीडरला लागू झालं तर एका दिवसातच कित्येक वर्षांच्या सहा अँपिअरवाल्या अर्थ अवरइतका फरक पडेल.

पुढच्या आठवड्यात सरांनी मोटारवाल्यांना शाळेत बोलावलं आणि मला बोलायला उभं केलं. कपॅसिटरचं पटलं, काहींनी बसवलेही. ऑटो काढा म्हटल्यावर मात्र मागून एक तात्या उठले. "काढतो की. मग रात्री मोटार चालू करायला कोण जाणार, उसातला बिबट्या?"

तात्यांचं खरं होतं. रात्रीची पाळी आहे तोवर ऑटो जाणार नाही. मग मी टायमरचं सांगितलं: कुणाची मोटार दोन मिनिटांनी, कुणाची पाच, कुणाची सातनं सुरू व्हावी. तात्यांनी किंमत विचारली, शेजारच्याशी घासाघीस केल्यासारखं बोलले आणि म्हणाले, "बरं, पण मी दोन मिनिटंवाला."